जमैकाचा 'जे'

किंग्स्टन, जमैका. साल १९५५. फिलिप ह्यू-जोन्स हे इंग्रज डॉक्टर २१५ मधुमेहींच्या नोंदी चाळतायत. त्यातले १३ रुग्ण कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. वय कमी, अंगावर मांस नाही, रक्तातली साखर भरमसाट. ती उतरवायला इन्सुलिनही भरपूर लागतं. कुणीही म्हणेल, हा टाइप १, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच न होणारा मधुमेह. पण इन्सुलिन थांबवलं तरी लघवीच्या चाचणीत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून साचणारी द्रव्यं) दाखवणारा जांभळा रंग उमटत नाही. रुग्ण बेशुद्धही पडत नाही. डॉक्टरांनी नाव दिलं, 'जे-टाइप'. जे म्हणजे जमैका.

हे कोडं पुढे हाती घेतलं ते जमैकाच्याच एरॉल मॉरिसन यांनी. वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या मोना कॅम्पसवर ते जीवरसायनशास्त्र आणि अंतःस्रावशास्त्राचे (हार्मोन्सच्या शास्त्राचे) प्राध्यापक होते. दलीप रघुबीरसिंग या सहकाऱ्याबरोबर १९९२मध्ये त्यांनी जे-टाइपची नव्याने छाननी केली. त्यांच्या मते या रुग्णांची इन्सुलिनची गरज येते-जाते. कधी इंजेक्शनवाचून चालत नाही, कधी बराच काळ त्याच्याशिवाय भागतं.

पण मॉरिसन प्रयोगशाळेत रमून बसले नाहीत, आणि मला त्यांचं हेच काम मोठं वाटतं. डॉक्टर मोजके, रुग्ण गावोगावी. मग वस्तीतल्याच साध्या माणसांना शिकवायचं ठरलं: काय खावं, पायाची जखम कशी बघावी, औषध का सोडू नये. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे, ओळखीतलंच कुणीतरी. मॉरिसन यांचाही सहभाग असलेल्या २०१०च्या एका अभ्यासात, अशा माणसांनी शिकवलेल्या रुग्णांची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, खाली आलेली दिसली.

२००७मध्ये ते जमैकाच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. ऑलिम्पिक विजेती धावपटू शेली-ॲन फ्रेझर-प्राइस जिथे घडली, तेच हे विद्यापीठ. साहजिकच, जमैकाची पोरं एवढी जोरात का धावतात, याचं जनुकीय उत्तरही लोक या मधुमेहतज्ज्ञाकडे मागू लागले. त्यावर त्यांनी मतं मांडली, वादही झाले.

आणि जे-टाइप? जागतिक आरोग्य संघटनेने १९८५मध्ये जे-टाइपसारख्या, कुपोषणाशी निगडित मधुमेहाचा वेगळा गट मानला, १९९९मध्ये तो पुरेशा पुराव्याअभावी यादीतून काढला. मग वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या किडकिडीत रुग्णांचा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात इन्सुलिन कमी तयार होतं, पण हा ना टाइप १, ना टाइप २. २०२५मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने अशा मधुमेहाला मान्यता दिली. आता त्याला टाइप ५ म्हणतात.