शाईचे दोन ठिपके

नमस्कार, श्रोतेहो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेल्या काही पेशंटना आम्ही टेबलावर आडवं करण्याआधी स्टुलावर ताठ बसवतो. 'समोर बघा' म्हणतो आणि बुबुळाच्या कडेला, डाव्या-उजव्या अंगाला, शाईचा एकेक बारीक ठिपका देतो. भुलीचे थेंब आधीच घातलेले असतात, त्यामुळे दुखत नाही. मागे एका निवृत्त मास्तरांनी विचारलं होतं, "डॉक्टर, पेपर तपासायच्या आधीच मार्क?"

मास्तरांच्या चष्म्याला तिरका नंबर होता, म्हणजे चिठ्ठीवर 'सिलिंडर' आणि 'अ‍ॅक्सिस' लिहिलेलं असतं तो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, चेंडूसारखा गोल असावा. यांचा होता चमच्याच्या पाठीसारखा, एका दिशेनं जास्त वाकलेला. अशा डोळ्याला रस्त्यावरचा दिवा ओढल्यासारखा लांबट दिसतो.

मोतीबिंदू काढला तरी कॉर्नियाचा वाक तसाच राहतो. मग आत जी लेन्स बसवायची, तिच्यातच त्याला काट देणारा वाक घडवून घेतात. ही टॉरिक लेन्स. तिच्यावर बारीक खुणा असतात आणि त्या ठरलेल्या अक्षावरच यायला हव्यात. एक अंश चुकला की सुमारे 3 टक्के फायदा गेला. 30 अंश फिरली तर टॉरिक बसवून उपयोग शून्य, आणि त्यापुढे तिरका नंबर उलट वाढतो. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत थोडा फिरतो, म्हणून ठिपके बसवूनच द्यायचे. काही ठिकाणी आता हे काम कॅमेरा करतो.

1949 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली. लढाऊ वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे घुसूनही डोळे ते सहन करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. लेन्स डोळ्यात टिकली, हेच तेव्हा खूप होतं. आता आम्ही तिच्या अंशांवरून डोकेफोड करतो!

पुष्कळजण जुना चष्मा पुढे करून म्हणतात, "सिलिंडर दोनचा आहे, टॉरिकच टाका." चष्म्यावरून हे ठरत नाही. त्यातला काही नंबर डोळ्याच्या नैसर्गिक लेन्सचाही असू शकतो, आणि ती तर आपण काढूनच टाकणार. मोजायचा तो कॉर्निया. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमापाआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. डोळे कोरडे असतील तर आधी त्यावर इलाज, कारण कोरड्या डोळ्याचं माप रोज वेगळं येतं.

टॉरिक महाग पडते. कॉर्नियाचा तिरका नंबर पाऊण-एकपेक्षा कमी असेल तर तिची सहसा गरज नसते. जास्त असला, तरी साधी लेन्स आणि वरून चष्मा यानंही चांगलं दिसतं. त्यासाठी कर्ज काढू नका, हे मी माझ्या पेशंटनाही सांगतो.

मास्तरांना दुसऱ्या दिवशी तक्त्यावरची खालची ओळ चष्म्याविना वाचता आली. लगेच त्यांनी वर्तमानपत्र मागितलं आणि हिरमुसले. त्यांची लेन्स लांबचं दाखवणारी होती, जवळच्यासाठी वाचायचा चष्मा लागणारच होता. मी ते ऑपरेशनआधी सांगितलं होतं. पुन्हा एकदा सांगायला हवं होतं.

लेन्स फिरलीच तर बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत फिरते, आणि छोट्या ऑपरेशननं जागेवर आणता येते. तेव्हा तपासणीची तारीख चुकवू नका. घरी जाताना लेन्सचा नंबर लिहिलेलं कार्ड मिळतं, ते फाइलमध्येच राहू द्या.