दाताचा फोटो आणि आजीचा प्रश्न

मालवण. सकाळचा मासळीचा लिलाव आटोपलाय. बाजारातल्या दातांच्या दवाखान्यात सात वर्षांची एक मुलगी गाल धरून बसली आहे. डॉक्टर म्हणतात, फोटो, म्हणजे दाताचा एक्स-रे, काढू या. आजी तिचा हात सोडत नाही.

"चेडवाक काय होवचा नाय मा, डॉक्टर?"

हा प्रश्न प्रत्येक आजीने विचारावा. "काही होत नाही" एवढ्या उत्तरावर मात्र समाधान मानू नये.

किरणं आपल्याला नवी नाहीत. घराच्या चिऱ्यातून, आभाळातून, ताटातल्या मासळीतूनही ती थोडीथोडी मिळतच असतात. सीव्हर्ट हे त्यांची मात्रा मोजायचं माप. जगाची सरासरी वर्षाला साधारण २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसीव्हर्ट. डिजिटल सेन्सरवर काढलेल्या एका दाताच्या फोटोला साधारण ५ मायक्रोसीव्हर्ट लागतात. म्हणजे एका दिवसाच्या वाट्याहूनही कमी. अख्ख्या जबड्याचा ओपीजी काढला, तर दोन-चार दिवसांचा वाटा. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र देणाऱ्या स्कॅनची मात्रा मात्र कितीतरी जास्त, आणि ती मशीनगणिक बदलते. तो उगाच काढू नये.

१८९६ साली जर्मनीत ओटो वॉलखॉफ यांनी स्वतःच्या दातांचा फोटो काढला, तेव्हा पंचवीस मिनिटं किरणं घ्यावी लागली. आज सेकंदाचा एक अंश पुरतो.

मग लहान मुलांची एवढी काळजी का? त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात. चेहरा लहान, त्यामुळे गळ्यातली थायरॉइड ग्रंथी किरणांच्या जवळ येते. आणि पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं. किरणांनी काही बिघडलंच, तर ते दिसायला दशकं जातात. म्हणून मुलांसाठी मशीनची वेळ कमी करायची, झोत दातापुरता आवळायचा. मोठ्या माणसाच्या सेटिंगवर मुलाचा फोटो काढणं ही मला अक्षम्य हयगय वाटते.

सत्तरीतल्या आजोबांना हा धोका त्याहून कमी. पोटुशी बाई असेल तर तिने डॉक्टरांना आधी सांगावं. पण झोत जबड्यावर असतो, गर्भापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते. दातात पू झालेला असताना भीतीपोटी फोटो टाळला, तर त्रास आईलाच.

मुलीचा फोटो निघतो. एकाच दाताचा. दुसऱ्या बाजूचाही काढायचा का, असं आई विचारते. डॉक्टर मान हलवतात, "मुंबईत काढलेला जुना फोटो आहे का?" आई मोबाइल उघडते. गेल्या मे महिन्यातला फोटो मामाच्या व्हॉट्सअॅपवर सापडतो. डॉक्टर तो मोठा करून नीट बघतात आणि मशीन बंद करतात.