पद्माळ्याचे वसंतदादा

13 नोव्हेंबर 1917 रोजी जन्मलेले वसंतराव पाटील वर्षभराचेही नव्हते, तेव्हा साथीच्या रोगाने त्यांचे आईवडील हिरावून नेले आणि सांगलीजवळच्या पद्माळे या कृष्णाकाठच्या गावात आजीने त्यांना वाढवले. शाळा सातवीपर्यंतच झाली. पुढचे शिक्षण शेतीने आणि स्वातंत्र्यलढ्याने दिले.

24 जुलै 1943 रोजी सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह तटावरून उड्या टाकून ते निसटले. पाठलागात त्यांच्या खांद्यात गोळी घुसली, तर अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. पुढे लोकांनी त्यांना ‘दादा’ म्हटले, त्यामागे या दिवसाची पुण्याई होती.

1952 साली दादा आमदार झाले, पण त्यांच्या कर्तृत्वाची खरी ओळख सांगलीच्या माळावर पटते. ऊस पिकवणारा शेतकरी गुऱ्हाळ आणि व्यापारी यांच्यावर अवलंबून होता, हातात भांडवल नव्हते आणि भाव दुसराच कुणी ठरवत असे. अशा शेतकऱ्यांना कारखान्याचे मालक होता येईल, हे पटवण्यासाठी गावोगाव हिंडून त्यांनी भागभांडवल गोळा केले आणि त्यातून सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अल्पभूधारकाने विश्वासाने घातलेला पैसा हेच या कारखान्याचे मोठे बळ होते, असे आम्हाला वाटते. 1967 साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

1977 साली ते मुख्यमंत्री झाले. जुलै 1978 मध्ये शरद पवार यांनी वेगळी वाट धरल्याने सरकार कोसळले, आणि 1983 साली दादा पुन्हा त्या पदावर आले. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडली गेली, कारण ओल्या आणि कोरड्या शिवारातले अंतर ते शेतकऱ्याच्या नजरेने ओळखत होते.

याच काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय झाला. प्रवेशासाठी कर्नाटकात जाणाऱ्या मुलांना राज्यातच जागा मिळाल्या आणि अनेक ग्रामीण घरांत पहिला अभियंता तयार झाला; मात्र शुल्क आणि दर्जा यांविषयीचे गंभीर प्रश्नही तेव्हापासूनच उभे राहिले, आणि दादांचे मूल्यमापन करताना तेही मांडलेच पाहिजेत.

1985 साली पक्षांतर्गत मतभेदातून त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले, त्यानंतर राजस्थानचे राज्यपालपद सांभाळले, आणि 1 मार्च 1989 रोजी त्यांचे निधन झाले. ऊस आणि साखरेवर संशोधन करणाऱ्या पुण्याजवळच्या मांजरी येथील संस्थेला आज त्यांचेच नाव आहे.