एक तीळ 140 कोटींनी वाटून खाल्ला तर

मघाशी आत येताना दारात हातावर तिळगुळाचा लाडू मिळाला ना, त्याखालचा कागद जरा उजेडात धरून बघा. तेलकट गोल डाग पडलाय. आज त्या डागाबद्दलच बोलायचंय, म्हणजे तिळातून माणसाला रोज किती फॅट मिळतं आणि ते मोजतात कसं, त्याबद्दल. 100 ग्रॅम तिळात 50 ग्रॅमच्या आसपास फॅट असतं, आणि तेल हा शब्दच मुळात तिळावरून आलाय, तिळाचं ते तैल, म्हणजे आपण सोयाबीनचं तेल, पामचं तेल म्हणतो ते तसं गमतीचंच आहे, पण असो.

तर संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेतीची जी संघटना आहे, एफएओ, ती प्रत्येक देशाचा अन्नाचा ताळेबंद काढते, फूड बॅलन्स शीट म्हणतात त्याला, 1961 पासूनचे आकडे आहेत. आपल्याकडे म्हणतात ना, एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला, तसंच हे, फक्त सात जणांच्या जागी अख्खा देश. तीळ पिकला किती, त्यात आयात मिळवा, निर्यात वजा करा, बियाण्याला ठेवला तो वजा, नासाडी वजा, तेल काढायला गेला तो वजा, गोदामातला साठा वाढला की घटला ते बघा, आणि मग जो उरला तो लोकांच्या खाण्यासाठी होता असं धरून लोकसंख्येनं भागा, वर 365 नं भागा. शेवटी हातात येतं ते माणशी रोज तिळातून किती ग्रॅम फॅट मिळालं ते. प्रत्यक्ष कुणाच्या ताटात डोकावून कुणी बघितलेलं नाही, हे मात्र ध्यानात असू द्या.

आता हे आकडे केवढेसे असतात बघा. समजा, फक्त गणितापुरतं हं, आपल्याकडे 1 लाख टन तीळ दाणा म्हणून खायला उरला. 140 कोटींत वाटला तर माणशी वर्षाला 71 ग्रॅम येतात, रोजचे 0.2 ग्रॅम. तिळाचे हजार दाणे साधारण 3 ग्रॅम भरतात, म्हणजे रोज पासष्ट-सत्तर दाणे आणि त्यातून फॅट 0.1 ग्रॅम. लाडवात 10 ग्रॅम तीळ धरला तर वर्षाचे सात लाडू झाले! संक्रांतीच्या एका दिवसात एवढे उडवणारे लोक इथे बसलेत, मला दिसतायत. आणि त्याच माणसाच्या वाट्याला खाद्यतेल वर्षाला 19-20 किलो येतं, म्हणजे रोज 50 ग्रॅमच्या वर. त्यामुळे सगळ्या स्निग्ध पदार्थांचा ग्राफ एकत्र काढला तर तिळाची रेघ तळाला चिकटलेली, दिसतच नाही.

पण खरी मेख पुढे आहे. मघाशी म्हटलं ना, तेल काढायला गेला तो वजा. तो तीळ 'तीळ' या ओळीतून उठतो आणि 'तीळ तेल' नावाच्या वेगळ्याच ओळीत जाऊन बसतो. तमिळनाडूत इडलीच्या पोडीवर, म्हणजे कोरड्या चटणीवर, रोज नल्लेण्णै, म्हणजे तिळाचं तेल, ओततात, पण ते तिळाच्या दाण्याच्या आकड्यात येत नाही. जपान जवळजवळ सगळा तीळ बाहेरून आणतो, त्यातला बराच घाण्यावर जातो, तोही इथे नाही. तेव्हा कुणी ही एकच रेघ दाखवून 'बघा, लोकांनी तीळ खाणं सोडलं' म्हणालं, तर आधी विचारा, तेलाची ओळ कुठाय?

आणि मला स्वतःला सगळ्यात आवडणारी भानगड डालड्याची. आपल्याकडे वनस्पती तुपात किमान 5 टक्के तीळ तेल घालायची सक्ती होती, चवीसाठी नव्हे, तर साजूक तुपात कुणी वनस्पती मिसळलं तर पकडता यावं म्हणून. बोदुआँ टेस्ट म्हणतात. तिळाच्या तेलात असा एक घटक असतो की फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून नमुना हलवला की खालचा थर लालसर गुलाबी होतो, झाली चोरी उघड. म्हणजे ज्या घरात तिळाच्या तेलाची बाटली कधी आली नाही तिथेही शंकरपाळ्यांतून तीळ पोटात जातच होता, खाणाऱ्याला पत्ता नाही. अमेरिकेत अलीकडे याच्या उलट मजा झाली. 1 जानेवारी 2023 पासून तिथे पाकिटावर तिळाची ॲलर्जी लिहिणं बंधनकारक झालं, तर काही बेकरीवाल्यांनी काय करावं, तिळाचा कण न कण वेगळा ठेवण्यापेक्षा ब्रेडमध्ये मुद्दामच थोडं तिळाचं पीठ घातलं आणि लेबलवर लिहून मोकळे!

आकडा एकदम उडी मारताना दिसला तरी जपून. आफ्रिकेतल्या चाडसारख्या देशात तीळ भरपूर पिकतो, लोकसंख्या कमी, आणि पोती कस्टमच्या नोंदीशिवाय शेजारच्या देशात गेली तर ताळेबंदाच्या हिशोबानं ती तिथल्याच लोकांनी खाल्ली. त्यात एफएओनं हिशोबाची पद्धतच बदलली, जुनी मालिका 2013 ला संपते, नवी 2010 पासून सुरू होते, दोन्ही एकमेकींना सरळ जोडल्या की मध्ये जो खड्डा किंवा टेकाड येतं ते जेवणातलं नसून कारकुनीतलंही असू शकतं.

मग यात खरं काय दिसतं? माझ्या मते तीळ कुणी खाल्ला यापेक्षा तो कुठून कुठे गेला हे जास्त नीट दिसतं. चीन एकेकाळी तीळ विकणारा देश, आज जगातला सगळ्यात मोठा खरेदीदार, वर्षाला 10 लाख टनांच्या वर घेतो, त्यातला फार मोठा हिस्सा आफ्रिकेतून. आपण निर्यात करतो आणि अलीकडे आफ्रिकेतून आणतोही.

आमच्या मामांचं शेत खानदेशात, लहानपणी तिथे तिळाची काढणी बघितलीय. बोंडं पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर ती वरून उकलतात आणि दाणे शेतातच सांडतात, म्हणून जरा आधीच कापून पेंढ्या बांधायच्या, खळ्यावर एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वाळल्या की उलट्या धरून ताडपत्रीवर झटकायच्या, पुन्हा दोन-चार दिवसांनी झटकायच्या. सगळं हातानं. 2025-26 चा हमीभाव बघा, तीळ 9,846 रुपये क्विंटल, सोयाबीन 5,328. वाटतं तिळाचं भलं आहे. पण तीळ हेक्टरी पाचेक क्विंटल येतो, पैसे झाले 49 हजार. सोयाबीन 10 क्विंटल आलं तरी 53 हजार, वर मळणीला मशीन. मामांनी तीळ कधीच सोडला. आता भोगीच्या भाकरीवर लावायला मामी दुकानातून पाव किलोचं पाकीट आणते, आणि मागच्या वर्षी मी ते उलटसुलट करून बघत होतो की हा तीळ गुजरातचा की टांझानियाचा, तर मामी म्हणाली, "वाचून झालं असेल तर इकडे दे, तवा तापलाय."