जावक क्रमांकापर्यंत

निफाड तालुक्यातील एका द्राक्षबागेत सकाळच्या दवात उलटे करून धरलेले हे पान आहे. वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखे पिवळसर डाग दिसतात आणि त्यांच्याच मागे, पानाच्या पाठीवर, पांढरी बुरशी धरलेली आहे. डाऊनी मिल्ड्यू म्हणजेच केवडा, या रोगाला शेतकरी नुसते ‘डाऊनी’ म्हणतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, तर कोवळ्या घडांवरही तो उतरतो. डाग दिसण्याआधीच हवेतून येणारे बीजाणू व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्यांवर पकडावेत, सूक्ष्मदर्शकाखाली मोजावेत आणि त्यावरून फवारणीची वेळ ठरवता येते का ते तपासावे, असा संशोधन प्रस्ताव नाशिकमधील एका संलग्न महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेने लिहिला आहे.

आठवड्याला १६ तासांचे अध्यापन सांभाळून लिहिलेला हा प्रस्ताव अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे जायचा आहे. संशोधनाला निधी देणाऱ्या, २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या केंद्रीय संस्थेत पूर्वीचे विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळ विलीन झाले आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा असला, तरी त्याला संस्थाप्रमुखांचे हमीपत्र जोडावे लागते आणि त्या एका पत्रासाठी ही निळी फाइल विभागप्रमुख, संशोधन समिती, लेखा विभाग आणि प्राचार्य अशा चार टेबलांवरून फिरते.

समितीने दोन दुरुस्त्या सुचवून प्रस्ताव पुढे पाठवला. लेखा विभागात मात्र फाइल दोन दिवस थांबली आणि ते योग्यच झाले. लेखापालांची ही पेन्सिल पाहा. अंदाजपत्रकाच्या प्रत्येक ओळीखाली ती थांबते. कनिष्ठ संशोधन छात्राचे दरमहा ३७,००० रुपये धरले आहेत, पण घरभाडे भत्ता राहून गेला आहे. घरभाडे भत्त्यासाठीच्या सरकारी वर्गवारीत नाशिक वाय वर्गातील शहर असल्याने त्या दराने तो मिळवा, असा शेरा त्यांनी समासात लिहिला. सूक्ष्मदर्शकाच्या दरपत्रकात जीएसटी नव्हता, तो मिळवायला लावला. काचपट्ट्या उपकरणांत नव्हे, उपभोग्य वस्तूंत दाखवल्या. दिंडोरी आणि निफाडच्या बागांच्या फेऱ्या प्रवासाच्या शीर्षाखाली आल्या. छात्राची जाहिरात आणि मुलाखत यांत पहिले काही आठवडे जातात, हेही त्यांनी वेळापत्रकात लिहून घेतले. असे वाचन झाले नसते, तर अनुदान मिळूनही छात्राचा भत्ता कुठून द्यायचा हा प्रश्न पुढे उभा राहिला असता.

हे काम करणाऱ्या लेखापालांकडे पगार, शुल्क आणि लेखापरीक्षण ही कामे आधीच आहेत. संशोधन प्रस्तावांसाठी स्वतंत्र नेमलेला माणूस संलग्न महाविद्यालयांत असायलाच हवा, असे आम्हाला ही फाइल पाहताना सतत वाटत राहिले.

प्राचार्यांची सही झाली, पण गोल शिक्का नेमका सहीवर बसला आणि स्कॅनमध्ये नाव वाचता येईना. कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांनी नवे लेटरहेड काढले, पत्र पुन्हा छापले, फाइल पुन्हा वर नेली. या वेळी शिक्का सहीच्या शेजारी, दोन बोटांचे अंतर ठेवून उमटवला आहे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, संगणकाच्या पडद्यावर प्रस्तावाचा क्रमांक उमटला. प्राध्यापिकेने तो मोठ्याने वाचला आणि लिपिकांनी जावक नोंदवहीत हमीपत्राच्या नोंदीशेजारी लिहून घेतला. तज्ज्ञांची छाननी काही महिने चालेल. मंजुरी मिळाली, तर काचपट्ट्या पुढच्या छाटणीला बागेत टांगल्या जातील.

नोंदवही मिटून लिपिक आपल्या खिडकीकडे वळले. तिथे बोनाफाइडसाठी सहा विद्यार्थी रांगेत उभे होते.