गोल्फ कोर्सवरची दफनभूमी

ही जी समोर झाडांची दुहेरी रांग दिसतेय ना, हे लाइव्ह ओक. वर फांद्या एकमेकींत गुंतल्यात आणि त्यावरून राखाडी रंगाचं मॉस लोंबतंय, वडाच्या पारंब्यांसारखं पण मऊ, वाऱ्यावर हलणारं. आपण आहोत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, सेंट सायमन्स नावाच्या बेटावर, जॅक्सनव्हिलहून गाडीने साधारण सव्वा तास, आणि ही वाट जाते सी आयलंड गोल्फ क्लबकडे. क्लबचे मेंबर असाल किंवा त्यांच्या रिसॉर्टमध्ये उतरला असाल तरच इथे खेळायला मिळतं. २०१० पासून पीजीए टूरची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या मालिकेची, एक स्पर्धा इथे होते, टीव्हीवर ड्रोनने घेतलेलं दृश्य दाखवतात, एका बाजूला समुद्र, एका बाजूला खारं गवत, मधे हिरवंगार फेअरवे, म्हणजे चेंडू मारत जायची कापलेल्या गवताची पट्टी, आणि खरं सांगायचं तर डोळे निवतात बघून.

पण ही झाडं गोल्फसाठी लावलेली नाहीत. ही लावली गेली तेव्हा इथे रिट्रीट नावाचं प्लँटेशन होतं. प्लँटेशन म्हटलं की आपण मळा म्हणतो, पण आपल्या डोळ्यासमोर जो मळा येतो, विहीर, मोट, आंब्याचं झाड, तसं ते नाही. इथे राबणारी माणसं मजूर नव्हती, ती मालकाच्या मालमत्तेत धरलेली होती, जमीन, बैल, नांगर आणि माणसं एकाच यादीत.

मी इथे यायचं कारण गोल्फ नाही, कापूस आहे. माझं आजोळ यवतमाळकडचं, कापसाचं घर, आजी वेचणीला जायची, तिची बोटं बोंडाच्या टोकांनी कायम चिरलेली असायची. त्यामुळे 'सी आयलंड कॉटन' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आधी प्रश्न पडला तो हाच की हा वेचला कोणी.

हा कापूस साधा नव्हता. आपल्या देशी कापसाचा धागा आखूड, याचा दीड इंचाहूनही लांब, रेशमासारखा, इंग्लंडच्या गिरण्यांत तलम कापडासाठी याला प्रचंड मागणी आणि भावही तसाच. पण लांब धागा म्हणजे नखरेही जास्त. तेव्हा नवीन निघालेलं दात्यांचं जिन मशीन याला चालायचं नाही, धागा तुटायचा, म्हणून दोन रुळांमधून ओढून सरकी वेगळी करायची, आपल्याकडच्या जुन्या चरकीसारखं, आणि मग उरलासुरला कचरा हाताने वेचून काढायचा. शेतात खत म्हणून खाडीतला चिखल उपसून आणून टाकायचे. जॉर्जियातला उन्हाळा, डास, खारी दमट हवा, आणि तो चिखल वाहणारी माणसं. इथे कामाची पद्धत 'टास्क'ची होती, म्हणजे प्रत्येकाला दिवसाचा ठरलेला तुकडा नेमून द्यायचे, तेवढा खुरपून झाला की उरलेला वेळ स्वतःचा, स्वतःची भाजी लावा, मासे पकडा. काही जण यालाच मालकाचा चांगुलपणा म्हणतात. मला ते पटत नाही, कारण तो तुकडा केवढा हे ठरवायचं कोणी?

रिट्रीट होतं विल्यम पेजचं, आणि १८२७ मध्ये तो गेल्यावर ते त्याच्या एकुलत्या एक मुलीकडे, ॲना माटिल्डाकडे आलं. तिचा नवरा थॉमस बटलर किंग, अमेरिकन काँग्रेसचा सदस्य, बराचसा वेळ घराबाहेर, त्यामुळे सगळा कारभार हिनेच पाहिला. तिच्या गुलाबाच्या बागेचं बेटावर अजूनही कौतुक सांगतात, म्हणे जहाज किनाऱ्याला लागायच्या आधीच खलाशांना रिट्रीटच्या फुलांचा वास यायचा. गोष्ट सुंदर आहे आणि गाइड ती सांगतातच. मी ऐकताना एवढंच मनात घोळवत होतो की त्या बागेला पाणी घालणाऱ्याचं नाव कोणाच्या तोंडी नाही.

आता ही भिंत बघा, छप्पर नाही, वेली चढल्यात. हे गुलामांचं हॉस्पिटल होतं. हात लावला तर खरखरीत लागतं आणि नीट बघितलं तर आत अख्खी टरफलं दिसतात. याला टॅबी म्हणतात. कोकणातल्या माणसाला लगेच कळेल, कालवांची टरफलं भाजून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि आणखी टरफलं घालून साच्यात थापायचं, तो थर वाळला की साचा वर सरकवून पुढचा थर. या किनाऱ्यावर दगड मिळत नाही म्हणून ही युक्ती. टरफलं गोळा करणारे, भाजणारे, थापणारे सगळे गुलामच, आणि त्यांनी केलेलं काम दोनशे वर्षांच्या आसपास उभं आहे, वादळं झेलून. मळ्याचं मक्याचं कोठारही होतं, त्याचंच पुढे गोल्फचं क्लबहाऊस झालं. कोठाराच्या भिंतींच्या आत लोक चहा-कॉफी घेत बसले, स्कोअर लिहीत बसले.

याच बेटावर डनबार नावाची खाडी आहे. १८०३ मध्ये आत्ताच्या नायजेरियातून आणलेले साधारण ७५ इग्बो लोक सव्हानाच्या बाजारात विकत घेऊन इकडे आणले जात होते. त्यांनी बोटीवर बंड केलं आणि किनाऱ्याला लागल्यावर त्यांतले काही जण गुलाम होऊन जगण्यापेक्षा सरळ पाण्यात चालत गेले. लोककथेत ते बुडाले नाहीत, उडून परत आफ्रिकेला गेले. त्या घटनेची पाटी तिथे लागली २०२२ मध्ये, म्हणजे २१९ वर्षांनी, आणि त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांत इथल्या शाळेतली मुलं होती.

मग १८६१, यादवी युद्ध, गुलामगिरीवरून अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांत पेटलेलं, जॉर्जिया दक्षिणेकडे. हे युद्ध आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही हां. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि गिरण्या मुंबईकडे वळल्या, वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचा बाजार पेटला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले नि भल्याभल्यांचं दिवाळं निघालं. आणि महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते याच लोकांना, ज्यांनी अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झीज सोसली त्यांना. पुण्यात बसून त्यांना हे नातं दिसलं होतं.

किंगच्या घरात नेपच्यून नावाचा गुलाम होता, १८३१ चा जन्म. मालकाचा मुलगा हेन्री लॉर्ड पेज किंग दक्षिणेच्या बाजूने युद्धावर गेला, सोबत नेपच्यूनला नेलं. डिसेंबर १८६२, फ्रेडरिक्सबर्गची लढाई, हेन्री परत आला नाही. रात्री प्रेतांच्या ढिगाऱ्यांतून नेपच्यूनने त्याला शोधून काढलं, शवपेटी मिळवली आणि व्हर्जिनियातून तो देह पार सव्हानापर्यंत आणला. त्यानंतर घरातल्या धाकट्या मुलासोबत तो पुन्हा आघाडीवर गेला.

ही गोष्ट इथे निष्ठेची म्हणून सांगतात, फलकावर, पुस्तिकेत, सगळीकडे निष्ठा निष्ठा. असेलही, दोघं एकत्र वाढलेले, माया असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याची स्वतःची माणसं मालकाच्या ताब्यात आहेत, जो कायद्याने स्वतःच दुसऱ्याचा आहे, त्याच्या मनात त्या रात्री नेमकं काय होतं हे एका शब्दात कसं बसवायचं? युद्धानंतर त्याने स्मॉल हे आडनाव घेतलं. किंग घराण्याने त्याला समुद्राकाठी जमीन दिली, तिथे आज दीपगृहाजवळ नेपच्यून पार्क आहे, पोरं आइस्क्रीम खात फिरत असतात.

नेपच्यूनला तरी जमीन मिळाली. बाकीच्यांचं काय झालं हे मला जास्त लागतं. १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजांनी हे बेट घेतलं, सुटून आलेले लोक इथे जमले, सूझी किंग टेलर नावाची जेमतेम १३ वर्षांची मुलगी, तीही काल-परवापर्यंत गुलाम, इथे दिवसा साधारण ४० पोरांना शिकवायची आणि रात्री मोठ्यांना. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनचा हुकूम निघाला की चार्ल्सटनपासून खाली फ्लोरिडाच्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटं आणि किनारपट्टी मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी, प्रत्येकी ४० एकरांपर्यंत. म्हणजे ही जमीनसुद्धा, आपण उभे आहोत ती. आणि त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो फिरवला, जमिनी जुन्या मालकांकडे परत. कूळकायद्याच्या केसेस बघितलेल्या कुठल्याही मराठी घराला हे वेगळं समजवायला नको, कागद एकदा हातात येऊन परत जाणं म्हणजे काय ते.

पुढचं भराभर. १९२० च्या आसपास बोंड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने या किनाऱ्यावरचा सी आयलंड कापूस संपवलाच. १९२४ मध्ये बेटाला रस्ता आणि पूल झाला. मग आला हॉवर्ड कॉफिन, डेट्रॉइटच्या हडसन मोटर कंपनीचा माणूस, त्याने रिट्रीट घेतलं, शेजारचं सी आयलंड घेतलं, १९२८ मध्ये क्लॉइस्टर हॉटेल उघडलं. गोल्फ कोर्सचे पहिले नऊ होल, म्हणजे खेळाचे नऊ टप्पे, वॉल्टर ट्रॅव्हिस या कोर्स आखणाऱ्याने आखले, त्यांना नाव दिलं 'प्लँटेशन'. पुढे कोल्ट आणि ॲलिसन यांनी समुद्राकडचे नऊ. नंतर बरेच बदल झाले, पण स्कोअरकार्डवर प्लँटेशन हे नाव आजही आहे, आणि दुसऱ्या एका कोर्सचं नाव रिट्रीट.

आणि आता हे. फेअरवेच्या बाजूला, ओकच्या सावलीत ही जुनी दफनभूमी. रिट्रीटचे गुलाम आणि त्यांचे वंशज इथे पुरलेत. नेपच्यून स्मॉलही इथेच, १९०७ मध्ये गेला. ही बंद झालेली जागा नाही बरं का, रिट्रीटच्या गुलामांच्या वंशजांना आजही इथे पुरता येतं. म्हणजे या सगळ्या मालमत्तेत, जिथे आत यायला मेंबरशिप लागते, हा एक तुकडा असा आहे जिथे हक्क फक्त त्यांच्या रक्ताचा.

मी टोपी काढून थोडा वेळ उभा राहिलो. मागे कुठेतरी चेंडू मारल्याचा टक् आवाज आला, गवत कापायचं मशीन चालू झालं. काही कबरींवर नावं आहेत, तारखा आहेत. काहींवर काहीच नाही, नुसता जमिनीला आलेला खळगा आणि त्यात साचलेली ओकची पानं. कॅमेरा मी तिथेच ठेवलाय, पुढचा एक मिनिट मी बोलणार नाहीये.