बोट बाहेर

[दृश्य: उजव्या हाताची तर्जनी, अगदी जवळून. पिस्तुलाच्या चौकटीवर सरळ टेकलेली.]

या बोटाकडे बघा. कॅमेरा आज पुन्हा पुन्हा इथंच येणार आहे. पिस्तूल मुठीत आहे, पण बोट ट्रिगरच्या कडीबाहेर. लक्ष्यावर नेम धरल्याशिवाय ते आत जायचं नाही. पळताना नाही, मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, बदलताना नाही, अडकलेलं काडतूस काढतानाही नाही.

[दृश्य: सकाळची रेंज, म्हणजे नेमबाजीचं मैदान. मातीचा उंच बांध, त्यापुढे कागदी लक्ष्यं, लाकडी आडोसे.]

प्रॅक्टिकल पिस्तूल स्पर्धेत नेमबाज एका जागी उभा राहत नाही. तो पळतो, आडोशाच्या कडेनं वाकून बघतो, गुडघ्यावर बसतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात, आणि त्यावरून क्रम ठरतो. त्यामुळे नवा माणूस आल्या आल्या वेगाचंच विचारतो. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कोलंबिया इथं स्थापन झाली. तिचं ब्रीद लॅटिनमधलं आहे: डिलिजेन्शिया, विस, सेलेरितास. अचूकता, शक्ती, वेग. वेगाचा नंबर तिसरा लागतो.

[दृश्य: रिकामी खोली. टेबलावर पिस्तूल, त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, उघडी. काडतूस एकही नाही.]

नव्या नेमबाजाच्या सुरक्षा कोर्सची तयारी रेंजवर यायच्या बऱ्याच आधी सुरू होते. आणि ती अशीच, रिकाम्या पिस्तुलावर. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मॅगझिन काढायचं, स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी बघायचं, मग बोटानं चाचपायचं. दोनदा. त्यानंतरच सराव.

[दृश्य: होल्स्टरमधून, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानातून, पिस्तूल काढणं, संथ गतीत.]

मूठ पक्की बसते. पिस्तूल सरळ वर येतं. नळी पुढे वळते, छातीसमोर दुसरा हात येऊन मिळतो, दोन्ही हात लांब होतात. बोट अजून बाहेरच आहे. आता नेम, आणि आता बोट आत.

परत ठेवताना मात्र आणखी सावकाश. घाई करण्याचं इथं काहीच कारण नाही, घड्याळ केव्हाच थांबलेलं असतं. सदऱ्याची कड होल्स्टरमध्ये गेली, तर तीच बोटाचं काम करू शकते. म्हणून आधी कापड बाजूला, मग पिस्तूल आत.

[दृश्य: एक मुलगी फवारणीची बाटली उचलते. तिचं बोट खटक्यावर न जाता बाजूला सरळ राहतं.]

हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्हीही चित्रीकरण पुन्हा बघताना पाहिलं.

[दृश्य: सेफ्टी एरियाचा फलक. टेबल, मागे भक्कम आडोसा.]

रेंजवर रेंज ऑफिसरच्या, म्हणजे देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, आज्ञेशिवाय पिस्तुलाला हात लावता येतो तो फक्त या टेबलाशी, आणि इथं काडतूस हातात घेणं वर्ज्य. सरावाचं खोटं काडतूससुद्धा चालत नाही. बाकी सगळीकडे पिस्तूल रिकामं, होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत.

[दृश्य: चष्मे, कानांवरचे मफ. रेंज ऑफिसर टायमर घेऊन मागे उभे राहतात.]

"लोड अँड मेक रेडी." काडतूस भरलं जातं. "आर यू रेडी?" "स्टँडबाय." यानंतर एक ते चार सेकंदांत बीप वाजते.

[दृश्य: बीप. उजव्या हाताचा नेमबाज डावीकडे पळत मॅगझिन बदलतो. चित्र थांबतं.]

इथं थांबूया, कारण बहुतेक जण इथंच चुकतात. पाय डावीकडे निघाले की कंबर वळते, कमरेबरोबर खांदे वळतात. मॅगझिन बसवायला तो पिस्तूल छातीसमोर घेतो, आणि नळी खांद्यांच्या मागोमाग फिरू लागते. समोरच्या बांधापासून ती दोन्ही बाजूंना ९० अंशांपर्यंतच जाऊ शकते. बघा, ती त्या रेषेशी पोहोचलीय. उपाय सरावाचा आहे: पाय कुठेही जाऊ देत, नळी बांधाकडे रोखून धरायची, आणि मॅगझिन तिच्यापाशी न्यायचं.

[दृश्य: तोच नेमबाज, रिकाम्या पिस्तुलानं, पुन्हा. आणि पुन्हा.]

नळी त्या रेषेपलीकडे गेली, पिस्तूल हातातून पडलं, नको तिथं गोळी सुटली, तर "स्टॉप", आणि तो नेमबाज त्या स्पर्धेतून बाद. पडणारं पिस्तूल झेलायला मात्र जाऊ नका. झेलताना बोटं कुठे शिरतील याचा नेम नाही. ते पडू द्या. रेंज ऑफिसर उचलतील.

[दृश्य: धूर. खाली पडलेली रिकामी काडतुसं.]

"इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर."

आधी मॅगझिन, मग स्लाइड. क्रम उलटा झाला, तर स्लाइड ओढताना चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, आणि पुढे येताना ती मॅगझिनमधलं दुसरं आत ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच. माणसाला मात्र वाटतं, रिकामं केलं. पुढच्या आज्ञेवर, "हॅमर डाउन" म्हटल्यावर, तो ट्रिगर ओढणार असतो! म्हणून रेंज ऑफिसर चेंबरमध्ये वाकून बघतात, आणि नेमबाजानंही बघायचं. बाहेर उडालेलं काडतूस हवेत पकडण्याची हौस नको. ते मातीत पडलं तरी नंतर सापडतं.

[दृश्य: उघडं चेंबर. दोन डोकी त्याच्यावर वाकलेली.]

"इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर."

[आवाज: कोरडी टक. निवेदन नाही. सदऱ्याची कड बाजूला घेणारा डावा हात. पिस्तूल सावकाश आत जातं. तर्जनी बाहेर, सरळ.]

"रेंज इज क्लिअर."

[दृश्य: सगळे लक्ष्यांकडे चालत जातात.]